टाकीचं झाकण उघडून बघा, भाऊ

प्रश्न : दादा, माझी २०१२ ची १०० सीसी गाडी आहे. सावद्याहून भुसावळला निघालो की फैजपूर मागे पडत नाही तोच गचके देते अन् बंद पडते. दहा मिनिटं निंबाखाली थांबलो की पुन्हा सुरू. टाकी फुल असली तर त्याच्याही आधी बंद. प्लग नवा टाकला, कार्बोरेटर दोनदा साफ झाला. मेकॅनिक म्हणतो, उन्हानं होतंय. दिवाळीला टाकीवर रेक्झिनचं कव्हर चढवलं, बाकी गाडीत काही बदललेलं नाही.
— एक केळी बागायतदार, सावदा

उत्तर : भाऊ, दुखणं तुम्हीच सांगून टाकलंत, फक्त शेवटच्या ओळीत. ऊन आपल्याकडे ४५ च्या वर जातं हे खरं, पण मग सावद्याच्या सगळ्याच गाड्या फैजपूरला उभ्या राहिल्या असत्या!

तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर धार अडते ना, तसंच हे. टाकीच्या झाकणात हवेसाठी बारीक छिद्र असतं. पेट्रोल जेवढं उतरेल तेवढी हवा तिथून आत यायला हवी. तुमच्या कव्हरची जी झाप झाकणावर येते, तिच्याखाली फोम असणार. गाडी धुतली की तो ओला राहतो, त्यात फुफाटा बसतो आणि चिखल छिद्रात वाळतो. फुल टाकीत वर हवाच थोडी, म्हणून ती लवकर विरळ होते आणि पेट्रोल वरच अडतं. तुम्ही झाडाखाली थांबता तेवढ्यात कुठून तरी हवा झिरपते आणि गाडी चालू होते.

आता गाडी बंद पडली की थांबू नका, लगेच झाकण उघडा. सुस्स आवाज आला आणि गाडी पहिल्या-दुसऱ्या किकला लागली, तर चोर सापडला. झाकण काढून पेट्रोलनं धुवा, बारीक तारेनं छिद्र मोकळं करा, पंक्चरवाल्याकडून हवा मारून घ्या. बिडी मात्र लांब ठेवा, माझ्या गॅरेजात एकाच्या भुवया जळाल्यात.

झाकण उघडूनही सुरू झाली नाही, तर टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरकडची नळी काढा, बाटलीत धरा आणि कॉक उघडा. धार सलग हवी. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी गाळानं भरलीय. धार चांगली असेल तर प्लगला ठिणगी बघा. प्लगला वीज देणारी कॉइल तापली की तीही अशीच दगा देते, पण तेव्हा गाडी गचके न देता एकदम गप होते. तुमची गचके देते, म्हणून माझा संशय झाकणावरच आहे.

ज्यांच्या गाड्या २०२० नंतरच्या, इंजेक्शनच्या (कार्बोरेटर नसलेल्या) आहेत, त्यांनी नळीला हात लावू नये. त्यात पंपाचा दाब असतो, पेट्रोल अंगावर उडतं.

आणि कव्हर काढवत नसेल, तर झाकणावरची झाप तेवढी कापून टाका.