पोरांचा कोड पुसू नका, जसाच्या तसा ठेवा

प्रश्न: नमस्कार ताई, मी सांगलीत पोरांना कोडिंग शिकवतो. त्यांच्यासाठी पीएचपीत एक साइट बनवलीय, पोरं तिथे आपापला जावास्क्रिप्टचा कोड टाकतात आणि बाकीचे बघतात. पहिल्याच आठवड्यात एकाने स्क्रिप्ट टॅगमध्ये अलर्ट टाकला, मग जो पान उघडेल त्याला तो अलर्ट यायला लागला. म्हणून मी सेव्ह करताना स्ट्रिप-टॅग्ज (टॅग काढून टाकणारं पीएचपीचं फंक्शन) लावलं, तर आता कोडच अर्धा गायब होतोय, एका मुलीचा फॉर लूप पहिल्याच ओळीत तुटला. कोडमध्ये सिंगल क्वोट असला की डेटाबेसची एरर येते ती वेगळीच. स्क्रिप्ट घेणं बंदच करू का?

उत्तर: अजिबात बंद करू नका हो सर, कोड शिकवायच्या साइटवर कोड नाही घ्यायचा तर काय घ्यायचं.

आधी त्या मुलीचा लूप. तिने आय लेस-दॅन एन असं मधे स्पेस न सोडता लिहिलं असणार, तिथे स्ट्रिप-टॅग्जला वाटतं की टॅग सुरू झाला, मग पुढे कुठे ग्रेटर-दॅन मिळेपर्यंत सगळं खाऊन टाकतं, नाही मिळालं तर शेवटपर्यंत. स्पेस सोडली असती तर वाचलं असतं. म्हणजे पोरांनी चुकीचं काही केलेलं नाही, आणि जे सेव्ह होतानाच गेलं ते बॅकअपमध्येही नसणार, तेवढं त्यांना परत टाकायला सांगा.

आता मुख्य गोष्ट. डेटाबेससाठी तो अलर्ट म्हणजे नुसती अक्षरं, तिथे तो चालत नाही. चालतो तो बघणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये. म्हणून ठेवताना एक अक्षरही बदलू नका, फक्त क्वेरी स्ट्रिंग जोडून बनवायची सोडा आणि पीडीओचं (पीएचपीची डेटाबेसशी बोलायची सोय) प्रीपेअर्ड स्टेटमेंट वापरा, त्यात क्वेरी आणि पोरांचा मजकूर वेगवेगळा जातो. ती क्वोटची एरर किरकोळ समजू नका, त्याच फटीतून एसक्यूएल इंजेक्शन होतं, म्हणजे कोणीतरी मजकुरात लपवून आपली क्वेरी तुमच्या डेटाबेसवर चालवतं.

दाखवताना मात्र प्रत्येक वेळी एचटीएमएल-स्पेशल-चार्स या फंक्शनमधून काढा, म्हणजे एस्केप करा (लेस-दॅनसारखी खास चिन्हं बदलून ती नुसती दिसतील अशी करा), आणि प्री टॅगमध्ये ठेवा, मग स्क्रिप्ट टॅग पानावर दिसेल पण चालणार नाही. पीएचपी 8.1 च्या आधीचं व्हर्जन असेल तर त्या फंक्शनला ईएनटी-क्वोट्स हा पर्याय द्यायला विसरू नका, तिथे सिंगल क्वोट आपोआप बदलला जात नाही. हे काम सेव्ह करतानाच उरकून घ्यायचा मोह होतो, पण मग दाखवताना ते दुसऱ्यांदा होतं आणि लेस-दॅनच्या जागी अँपरसँड-एलटी असलं काहीतरी पोरांना दिसत बसतं.

एडिट करायच्या टेक्स्टएरियातही हेच करायचं, लोक इथेच चुकतात, कारण कोणी कोडमध्ये टेक्स्टएरियाचा क्लोजिंग टॅग लिहिला की खोका तिथेच बंद होतो आणि पुढचं सगळं खरं एचटीएमएल म्हणून चालतं. जावास्क्रिप्टने पानात मजकूर घालत असाल तर इनर-एचटीएमएल नको, टेक्स्ट-कंटेंट वापरा, ते सगळं नुसती अक्षरं म्हणूनच घालतं. प्रोफाइलमध्ये लिंक घेत असाल तर ती एचटीटीपी किंवा एचटीटीपीएसनेच सुरू होतेय का ते तपासा, कारण जावास्क्रिप्ट-कोलनने सुरू होणारी लिंक एस्केप करूनही क्लिक केल्यावर चालते.

ठरावीक शब्द ब्लॉक करू असं कोणी सुचवलं तर ऐकू नका. ऑक्टोबर 2005 मध्ये मायस्पेस या सोशल साइटवर सॅमी कामकारचा वर्म (स्वतःहून पसरणारा कोड) पसरला तो असाच. साइट स्क्रिप्ट टॅग आणि जावास्क्रिप्ट हा शब्द गाळत होती, त्याने कोड स्टाइलमध्ये घातला आणि तो शब्द मधेच तोडून दोन ओळींत लिहिला, काही ब्राउझर तो जोडून वाचायचे. एका दिवसाच्या आत 10 लाखांवर प्रोफाइलमध्ये तो पोचला होता. त्याचा वर्म फ्रेंड रिक्वेस्ट पाठवायचा आणि प्रोफाइलवर सॅमीच्या कौतुकाची एक ओळ टाकायचा, पण तुमच्याकडे असंच कोणी केलं तर तुम्ही ॲडमिन म्हणून लॉगिन असताना ते पान उघडाल आणि त्याचा कोड तुमच्या अधिकाराने चालेल, हे मला जास्त काळजीचं वाटतं. सेशन कुकीला एचटीटीपी-ओन्ली लावा (मग स्क्रिप्टला ती वाचता येत नाही), कंटेंट सिक्युरिटी पॉलिसीही (पानावर कुठली स्क्रिप्ट चालेल ते ब्राउझरला सांगणारा नियम) लावा, पण एस्केप करणं टाळायला म्हणून नाही.

पुढेमागे कोड चालवून दाखवायचा झाला, आणि पोरांना ते हवंच असणार, तर तो वेगळ्या डोमेनवरच्या आयफ्रेममध्ये (पानाच्या आतलं वेगळं पान) सँडबॉक्स लावून, म्हणजे त्याचे अधिकार काढून, चालवा. त्यात अलाऊ-स्क्रिप्ट्स द्या. अलाऊ-सेम-ओरिजिन (फ्रेमला तिच्या डोमेनचे अधिकार परत देणारं) मात्र देऊ नका, फ्रेम तुमच्याच डोमेनवर असेल आणि दोन्ही दिलं तर आतला कोड तो सँडबॉक्सच काढून टाकू शकतो.