जाताना 40, येताना 60. मग सरासरी 50 का नाही?

प्रश्न : एक गाडी जाताना ताशी 40 आणि त्याच रस्त्याने परतताना ताशी 60 किलोमीटर वेगाने धावते. सरासरी वेग मी तोंडी 50 काढला. उत्तरात मात्र 48 दिले आहे. असे का? शिवाय किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रतिसेकंद करताना 5/18 ने गुणायचे की 18/5 ने, याचा ऐन वेळी गोंधळ उडतो. काही सोपी रीत आहे का?

उत्तर : तुमची चूक आकडेमोडीतली नाही, त्यामुळे आकडेमोडीचा वेग वाढवूनही ती सुटणार नाही. सरासरी वेग म्हणजे दोन वेगांची सरासरी नव्हे, तर एकूण अंतर भागिले एकूण वेळ. अंतर दिलेले नसेल, तर 40 आणि 60 या दोहोंनी भाग जाणारे, म्हणजे 120 किलोमीटर धरावे. जायला 3 तास लागले, यायला 2. 240 किलोमीटर 5 तासांत, म्हणजे ताशी 48. गाडी कमी वेगाने अधिक वेळ धावली, म्हणून सरासरीही 40 कडे झुकली. दोन्ही वेगांनी ती सारखाच वेळ धावली असती, तर तुमचे 50 बरोबर ठरले असते. (काटेकोर बोलायचे तर ही ‘चाल’ आहे, ‘वेगा’त दिशाही येते आणि निघाल्या ठिकाणी परतलेल्या गाडीचा सरासरी वेग शून्य भरतो.)

हे एकदा पटले, की तोंडी हिशेबाची एक सुरेख रीत वापरता येते. साधी सरासरी 50. दोन्ही वेग तिच्यापासून 10 ने दूर. 10 चा वर्ग 100, त्याला 50 ने भागून आलेले 2 त्या 50 मधून वजा करा, की झाले 48. वेग 30 आणि 50 असतील, तर 40 मधून अडीच जाऊन साडेसदतीस. अंतरे सारखी असतील तेव्हाच ही रीत चालते, हे मात्र विसरू नये.

गोंधळ टाळायला एकच जोडी लक्षात ठेवा : ताशी 36 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 10 मीटर, कारण 36,000 मीटर 3,600 सेकंदांत कापले जातात. मीटर प्रतिसेकंदाचा आकडा नेहमी लहान असतो, म्हणून तिकडे जाताना 5/18. तोंडी करताना चौथा भाग घेऊन त्यात त्याचाच नववा भाग मिळवावा : 72 चे 18 आणि 2, म्हणजे 20. उलट जाताना चौपट करून तिचा दहावा भाग वजा करावा. उसेन बोल्टने 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदांत पार केले, म्हणजे सेकंदाला सुमारे 10.44 मीटर. चौपट 41.76, त्यातून 4.18 वजा; ताशी साधारण 37.58 किलोमीटर.

आता एक प्रश्न कागद न घेता सोडवून पाहा. जाताना वेग ताशी 30 होता. पूर्ण फेरीची सरासरी 60 यायची, तर परतताना किती वेग हवा? पटकन 90 सुचते. पण अंतर 30 किलोमीटर धरा : 60 किलोमीटरच्या फेरीला मिळून 1 तास हवा, आणि तो तास जातानाच संपलेला आहे. परतायला वेळच उरलेला नसल्याने कोणताही वेग पुरणार नाही.