‘कायमची सोय’ कुणाची?

तुमच्या पत्रात मुलीच्या गुणांना दीड पान आहे आणि तिच्या चित्रांना चार ओळी. मी अडकले ती त्या चार ओळींत. तिच्या दोनशेहून अधिक डिजिटल चित्रांसाठी एका अ‍ॅप कंपनीने ‘पर्पेच्युअल लायसन्स’, म्हणजे ती वापरण्याचा कायमचा परवाना, मागितलाय. तिला अठरा पूर्ण व्हायला पाच महिने आहेत, म्हणून पालक या नात्याने सही तुम्ही करणार. ‘कायमची सोय झाली की चित्रांचं वेड जाईल आणि ती लॉच्या प्रवेशपरीक्षेला लागेल,’ असं तुम्ही लिहिलंत. कॉपीराइटची वकील झाली तर भवितव्य काय, हा तुमचा प्रश्न.

लॉच्या शिक्षणाचं एका ओळीत सांगते: बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा, आणि तिचे गुण दोन्हींना पुरेसे आहेत.

आता ती ‘कायमची सोय’. लायसन्स कायमचं म्हणजे पैसेही कायम येत राहणार, असा तुमचा समज दिसतो. तसं नसतं. कायमचा असतो तो वापर. मसुद्यातलं जे वाक्य तुम्हीच उतरवून पाठवलंत, त्यात ‘एकरकमी मोबदला’ असं स्वच्छ म्हटलंय. १९५७च्या आपल्या कायद्यानुसार कॉपीराइट निर्मात्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. आज सतराची मुलगी ऐंशीपर्यंत जगली तर हिशोब १२३ वर्षांवर जातो, आणि पैसे मिळणार एकदाच. करारात मुदत लिहिलीच नाही तर हाच कायदा पाच वर्षं धरतो. म्हणूनच ‘पर्पेच्युअल’ हा शब्द आवर्जून घातलेला असतो. अमेरिकेच्या १९७६च्या कायद्यात तर दिलेला हक्क ३५ वर्षांनंतर परत घेण्याची वाट निर्मात्याला ठेवलेली आहे, कारण आपल्या कामाचं मोल काय हे नवख्याला सहीच्या दिवशी ठाऊक नसतं. शिवाय ‘कायमचं’ म्हणजे ‘फक्त त्यांचं’ असंही नाही. तीच चित्रं तिला दुसऱ्या कुणाला देता येतील का, कंपनी ती पुढे तिसऱ्याला देऊ शकते का, पुढे काढायची चित्रंही यात ओढली आहेत का, हे वेगळं पाहावं लागतं. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही.

स्पष्ट बोलते, राग मानू नका. हा करार तुम्हाला पैशांसाठी हवाय असं मला वाटत नाही. चित्रांचं प्रकरण एकदाचं मिटवायला हवाय. आणि तेही ती स्वतः सही करण्याच्या वयाची होण्याआधी. पाच महिन्यांची घाई नेमकी कुणाला आहे?

वकिलीचं म्हणाल, तर या क्षेत्रात काम आहे आणि ते कोर्टापुरतं नाही. प्रकाशनसंस्था, गेम स्टुडिओ, ई-जर्नल्सचे करार करणारी ग्रंथालयं, सगळ्यांना परवान्याची कलमं वाचणारं माणूस लागतं. विषय मोठा मजेदार आहे. एकरकमी पैसे घेऊन सॉफ्टवेअरचा बेमुदत परवाना दिला तर ती विक्रीच ठरते आणि घेणारा तो पुढे विकू शकतो, असा निकाल युरोपीय संघाच्या न्यायालयाने २०१२मध्ये दिला. त्याच न्यायालयाने २०१९मध्ये ई-बुकला मात्र तशी मुभा नाकारली. असे बारकावे वाचून जिचे डोळे चमकतात तिने इकडे जरूर यावं. तुमच्या मुलीचे चमकतात का? जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचा प्राथमिक ऑनलाइन अभ्यासक्रम मोफत आहे. तो करून तिलाच ठरवू द्या. चित्रकार म्हणून जगायचं ठरवलं तरी तो वाया जायचा नाही.

सही मात्र तूर्त नको. कंपनीला कळवा की मुदतबंद, केवळ ठरावीक वापरापुरता परवाना देण्याचा विचार करू, आणि तोही ती सज्ञान झाल्यावर. खरंच चित्रं हवी असतील तर ते थांबतील. मसुदा तिच्या हातात द्या, प्रत्येक कलम तिला वाचू द्या. पुढचं पत्र तिला लिहू द्या. चित्रकला की कायदा, या प्रश्नाचं उत्तर मी त्या पत्राला देईन.