कॅम्पर व्हॅनची पॉलिसी उघडून वाचा

नवी कॅम्पर घेतलीत, अभिनंदन! आता प्रीमियमचा आकडा बाजूला ठेवा, पॉलिसी आणि आरसी शेजारी शेजारी घेऊन बसा. आत पलंग, ओटा, सोलर बसवलाय ना? मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे तो बदल आरटीओकडून आरसीवर चढलाय का, आणि विमा कंपनीला लेखी कळवलाय का, ते आधी बघा.

माझं हेच राहिलं होतं. ताम्हिणीत गाडी कठड्यावर आपटली. नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरनं आतला फुटका फ्रिज पाहून विचारलं, "हा पॉलिसीत कुठंय?" पत्र्याचे पैसे मिळाले, फ्रिज गेला.

म्हणून आयडीव्हीत, म्हणजे विम्यासाठी धरलेल्या गाडीच्या किमतीत, फक्त मूळ गाडी धरलीय की आतलं सामानही, हे विचाराच. सामानाची किंमत वेगळी लिहून जादा प्रीमियम भरावा लागतो. शिवाय घसारा, म्हणजे वापरानं उतरलेल्या किमतीची कपात! दुरुस्तीच्या क्लेममध्ये बॅटरी, रबर, प्लास्टिकवर 50 टक्के कापतात, फायबरग्लासवर 30. कॅम्परमध्ये दुसरं असतं तरी काय? झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घ्या, पण बॅटरी त्यात येते का ते वाचून.

पावसाळ्यात कोकणात जाणार असाल तर पाणी शिरून इंजिन बिघडलं तर कामी येणारं इंजिन प्रोटेक्शन कव्हर हवंच. खासगी पॉलिसीवर गाडी भाड्यानं मुळीच देऊ नका. पॉलिसीची मुदत संपून, नूतनीकरण न करता 90 दिवस उलटले की नो क्लेम बोनसही, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल प्रीमियमवर मिळणारी सूटही, जाते.