लिनक्सवर एलव्हीएम आपला मेटाडेटा नेमका कुठे ठेवते?

एलव्हीएम ही अनेक डिस्कची जागा एकत्र करून हवी तशी वाटून देणारी व्यवस्था आहे. व्हॉल्यूम ग्रुपची, म्हणजे अशा एकत्र केलेल्या डिस्कच्या गटाची, रचना (हाच मेटाडेटा) एखाद्या फाइलमध्ये असते की डिस्कवरच, असे आपण विचारले आहे. मूळ नोंद डिस्कवरच असते. एलव्हीएम२ या आवृत्तीत फिजिकल व्हॉल्यूम, म्हणजे ग्रुपमध्ये घेण्याजोगी डिस्क, तयार करताना तिच्या पहिल्या चार सेक्टरांपैकी (छोट्या ठरावीक आकाराच्या खंडांपैकी) एकात, सहसा दुसऱ्यात, 'लेबलवन' या खुणेचे लेबल लिहिले जाते आणि त्यात यूयूआयडी (डिस्कची एकमेव ओळखखूण), डिस्कचा आकार व मेटाडेटाची जागा नोंदवलेली असते. मेटाडेटा साध्या, वाचता येणाऱ्या मजकुरात असतो, ही मला या रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. प्रत्येक बदलाची नवी आवृत्ती जुनीच्या पुढे, चक्राकार पद्धतीने लिहिली जाते, तिचा अनुक्रमांक एकाने वाढतो आणि त्यानंतरच शीर्षनोंद नव्या आवृत्तीकडे वळवली जाते. त्यामुळे मध्येच वीज गेली तरी आधीची आवृत्ती शाबूत राहते. ग्रुपमधील प्रत्येक डिस्कवर, वेगळे काही ठरवले नसल्यास, संपूर्ण ग्रुपची प्रत असते. याखेरीज /ईटीसी/एलव्हीएम/बॅकअप येथे ताजी प्रत आणि शेजारच्या आर्काइव्हमध्ये जुन्या प्रती राहतात. मात्र रूट फाइलसिस्टीमही, म्हणजे यंत्रणेच्या मूळ फाइलींची जागाही, त्याच ग्रुपवर असेल, तर ग्रुप बिघडल्यावर त्या हाती लागणे अवघड असते, म्हणून त्यांची एक प्रत दुसऱ्या यंत्रावर अवश्य ठेवावी.