वाचक विचारतात: गिझर नाही, मग पाणी तापवायचे कसे?

प्रश्न : पॉम्पेई या इटलीतल्या प्राचीन रोमन शहरातल्या सार्वजनिक स्नानगृहांचे फोटो बघितले. एवढ्या मोठ्या खोल्या तापवायचे कसे हो? आणि साबण होता का?

उत्तर : मस्त प्रश्न! खरी गंमत जमिनीखाली आहे. फरशी विटांच्या छोट्या छोट्या खांबांवर उचललेली असायची आणि बाजूच्या भट्टीतली गरम हवा त्या पोकळीतून फिरून भिंतींच्या आतल्या पोकळीतनं वर चढायची, म्हणजे पायाखालीही गरम आणि पाठीलाही गरम. साबण नाही, अंगाला तेल चोळायचं आणि धातूच्या वाकड्या पट्टीने मळासकट खरवडून काढायचं (श्रीमंतांचं हे काम गुलाम करायचे). मग कोमट खोली, गरम खोली, गार पाण्याचा हौद, असं फिरत बसायचं, गप्पा चालूच.

तिथल्या फोरमजवळच्या (म्हणजे शहराच्या मुख्य चौकाजवळच्या) स्नानगृहात एक डोकेबाज गोष्ट आहे, गरम खोलीच्या कमानदार छताला पन्हाळीसारख्या खाचा आहेत, वाफेचं पाणी लोकांच्या डोक्यावर टपकण्याऐवजी भिंतीवरून ओघळावं म्हणून. कोमट खोलीत मात्र कांस्याची मोठी शेगडी होती, ती दिली मार्कुस निगिदियुस वाकुला नावाच्या गृहस्थाने आणि वाकुला म्हणजे लॅटिनमध्ये छोटी गाय, तर पठ्ठ्याने शेगडीवर गायच कोरून घेतली! देणगीदाराची हौस तेव्हाही तीच. बायकांचा विभाग वेगळा होता, बराच लहान. इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली सगळं गाडलं गेलं, म्हणून तर आज बघायला मिळतंय.