गुणगुण कोठून येते? : नॉइजलेस आणि साध्या सिंगल कॉइल पिकअपविषयी तीन प्रश्न

या वेळच्या टपालात इलेक्ट्रिक गिटार आणि बेस यांच्या पिकअपची (तारेचे कंपन पकडून विजेचा संकेत देणाऱ्या भागाची) गुणगुण या एकाच दुखण्याची तीन पत्रे आली आणि ती तिन्ही सोलापुरातून आली, म्हणून हे सदर त्यांनाच देत आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी साखर पेठेत राहतो. घराच्या मागच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना आहे. माझी गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, तीन सिंगल कॉइल पिकअपची आहे. अँप सुरू केला की तार न छेडताही सतत गुणगुण येते आणि डिस्टॉर्शन लावल्यावर ती असह्य होते. दुरुस्ती करणाऱ्याने गिटारच्या पोटात तांब्याचा पातळ पत्रा चिकटवला. थोडा फरक पडला, पण गुणगुण गेली नाही. आता तो नॉइजलेस, म्हणजे गुणगुण मिटवणारे, पिकअप बसवायला सांगतो आहे. मित्र म्हणतात की त्याने गिटारचा मूळ आवाज जातो. खरे काय?
— एक वाचक, साखर पेठ

उत्तर : दुरुस्ती करणाऱ्याने केलेले काम चुकीचे नाही, ते निम्म्या रोगावरचे औषध आहे. आपण ज्याला गुणगुण म्हणता, त्यात बहुधा दोन निरनिराळे आवाज मिसळलेले आहेत, आणि त्यांचे उगम वेगळे असल्यामुळे त्यांचे उपायही वेगळे आहेत.

पहिला आवाज खोल आणि स्थिर असतो. वादक त्याला हम म्हणतात. सिंगल कॉइल पिकअप म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेले, सुमारे ०.०६ मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचे, आठ हजारांच्या आसपास वेढ्यांचे एक वेटोळे. गिटारची पोलादी तार हलली की तेथील चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विजेचा संकेत निर्माण होतो. ते क्षेत्र तारेने बदलले की आणखी कशाने, याच्याशी वेटोळ्याला काही देणेघेणे नसते. मोटर, ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइटचा जुना चोक आणि भिंतीतील वायरिंग यांचे सेकंदाला ५० वेळा उलटसुलट होणारे क्षेत्रही ते तितक्याच निष्ठेने अँपपर्यंत पोचवते. हार्मोनियमच्या हिशेबाने ५० हर्ट्झ म्हणजे अगदी खालच्या पांढरी पाचच्या किंचित वरचा स्वर, म्हणजे न मागता मिळालेला आणि थोडा चढलेला तंबोराच. (अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची असल्यामुळे तेथील हम काळी पाच आणि पांढरी सात यांच्या मधोमध कोठेतरी बेसूर पडतो.) त्याच्यावर १००, १५०, २०० हर्ट्झ अशा पटींची रांग असते, आणि डिस्टॉर्शनचे कामच मुळी लहान संकेत फुगवण्याचे असल्यामुळे ती सगळी रांग पुढे येऊन उभी राहते.

दुसरा आवाज करकरीत असतो. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, स्वस्त एलईडी दिवे आणि संगणकाचा वीजपुरवठा यांच्यापासून निघणारा हा उपद्रव विद्युत क्षेत्राच्या मार्गाने, गिटारमधील उघड्या वायरींतून आणि वादकाच्या शरीरातूनही शिरतो. तांब्याचा पत्रा अर्थशी नीट जोडलेला असेल, तर तो हा आवाज अडवतो. पहिल्या आवाजाला मात्र तो अडवू शकत नाही, कारण ५० हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र इतक्या पातळ तांब्यातून जवळजवळ जसेच्या तसे आरपार जाते. आपल्याला पडलेला 'थोडा फरक' हा बहुधा एवढ्याचाच आहे.

पैसे खर्च करण्याआधी तीन चाचण्या कराव्यात. गिटार गळ्यात अडकवून अँपसमोर उभे राहावे आणि हळूहळू स्वतःभोवती फिरावे. एका विशिष्ट दिशेला आवाज जवळजवळ मावळत असेल, तर तो चुंबकीय हम आहे आणि नॉइजलेस पिकअप त्याच्यावर नक्की काम करील. मग तारांना हात लावून पाहावा. हात लावताच करकर कमी होत असेल, तर शिल्डिंगमध्ये (तांब्याच्या पत्र्यासारख्या आवरणात) अजून उणीव आहे, आणि काहीच फरक पडत नसेल, तर ब्रिजला (तारा जेथे टेकतात त्या खालच्या पट्टीला) जोडलेली अर्थची वायर तुटली आहे का ते पाहावे. हात लावल्यावर आवाज वाढत असेल किंवा बोटांना झिणझिण्या येत असतील, तर मात्र वाजवणे त्याच क्षणी थांबवून वायरमनला बोलवावे. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंग नसते, आणि काही जण अँपच्या प्लगची जाड पिन कापून तो दोन पिनांच्या बोर्डात बसवतात. हा हमवरचा उपाय नसून जिवाशी खेळ आहे.

तिसरी चाचणी वीज गेल्यावर करायची. बॅटरीवर चालणारा छोटा अँप कोणाकडून तरी उसना आणून ठेवावा. परिसरातील वीज गेली असताना गिटार त्याला जोडली आणि हम पूर्णपणे नाहीसा झाला, तर तो वाद्यात निर्माण होत नसून बाहेरच्या विजेतून येतो, हे सिद्ध होते. वीज परत आल्यावर, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, पुन्हा ऐकावे. मागच्या भिंतीपलीकडच्या मागांवर लगेच आरोप ठेवू नये, असे माझे मत आहे. मोटरचे क्षेत्र अंतराबरोबर फार झपाट्याने कमी होते, आणि दहा फुटांवरच्या मोटरपेक्षा दोन फुटांवर ठेवलेल्या आपल्याच अँपचा ट्रान्सफॉर्मर अधिक दोषी निघाल्याचे अनेकदा दिसते.

आता मूळ प्रश्न. हम घालवण्याची युक्ती जुनी आहे. दोन वेटोळी अशी घ्यायची की एकाची गुंडाळणी दुसऱ्याच्या उलट असेल आणि चुंबकांची दिशाही उलट असेल. मग बाहेरून आलेला हम दोहोंत परस्परविरुद्ध निर्माण होऊन नाहीसा होतो, तर तारेचा संकेत दोनदा उलटा होऊन पुन्हा सुलटा होतो आणि त्यामुळे त्याची बेरीज होते. गिब्सन कंपनीसाठी सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये ज्या हमबकरच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्याचे तत्त्व हेच आहे. पण हमबकरमध्ये वेटोळी शेजारी शेजारी असतात, म्हणून तो तारेचा रुंद पट्टा ऐकतो आणि सिंगल कॉइलचा तो टोकदार, काचेसारखा लख्ख पोत त्यात येत नाही. नॉइजलेस पिकअप बनवणाऱ्यांनी यावर काढलेला सर्वांत रूढ तोडगा म्हणजे दुसरे वेटोळे पहिल्याच्या खाली ठेवणे. आकार सिंगल कॉइलचाच राहतो, तारेचा अरुंद भागच ऐकला जातो, आणि खालचे वेटोळे प्रामुख्याने हम गोळा करून वरच्या हमची वजाबाकी करते.

अडचण त्या 'प्रामुख्याने' या शब्दात आहे. खालच्या वेटोळ्यालाही तारेचा थोडासा संकेत पोचतोच आणि हमबरोबर तोही वजा होतो. शिवाय दोन वेटोळी एकापाठोपाठ जोडल्यामुळे तारेची लांबी, रोध (रेझिस्टन्स) आणि धारिता (कपॅसिटन्स) वाढते. प्रत्येक पिकअप आपल्या वायर आणि केबलसह एका विशिष्ट ठिकाणी उच्च स्वरांना उठाव देतो. साध्या स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या पिकअपमध्ये हा उठाव साधारण ४ ते ५ हजार हर्ट्झच्या परिसरात येतो आणि त्या आवाजाची लखलख तेथूनच येते. नॉइजलेसमध्ये ही जागा आणि हा उठाव बदलतो. चांगले उत्पादक खालच्या वेटोळ्याला पोलादी कवचाने वरच्या चुंबकांपासून वेगळे करतात किंवा दोन वेटोळ्यांसाठी वेगळ्या जाडीची तार वापरतात, त्यामुळे आजचे चांगले संच पूर्वीच्या संचांहून पुष्कळ मोकळे वाजतात. तरीही छेडल्यावरचा पहिला तडाखा किंचित मऊ झाल्याचे आणि व्हॉल्यूम कमी केल्यावर येणारा पारदर्शकपणा थोडा घटल्याचे एकट्या गिटारवर, डिस्टॉर्शन न लावता, सावधपणे ऐकणाऱ्याला जाणवेल. ढोलकी, कीबोर्ड आणि गायकाच्या सोबतीत ते जाणवेल, असे मला वाटत नाही. आणि मूळ आवाजाची शपथ घेणारे आपले मित्र सहा मीटरची स्वस्त केबल वापरत असतील, तर त्या केबलची धारिताच उठावाची जागा खाली ओढत असते, हेही त्यांना सांगावे.

आपण डिस्टॉर्शनवर वाजवता आणि घर बदलणे शक्य नाही, म्हणून अर्थिंग तपासून घेतल्यावर आपण तिन्ही पिकअप नॉइजलेस घ्यावेत, असे मी सुचवीन. खरेदी करताना पाकिटावरच्या किलोओहमच्या आकड्याला भुलू नये. दोन वेटोळ्यांचा एकत्र रोध १० किलोओहम दिसला, म्हणजे तो पिकअप ६ किलोओहमच्या साध्या पिकअपपेक्षा मोठ्याने वाजेलच, असे नाही.

प्रश्न : मी ऑर्केस्ट्रात जॅझ बेस पद्धतीचा बेस (खालच्या स्वरांची चार तारांची गिटार) वाजवतो. दोन्ही पिकअपचे व्हॉल्यूम पूर्ण उघडे असले की आवाज स्वच्छ असतो. एक जरा कमी केला की हम सुरू होतो, आणि जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात तर फारच. वायरिंग बिघडले आहे का?
— एक बेसवादक, जुळे सोलापूर

उत्तर : बिघडलेले नाही, उलट आपले वायरिंग बरोबर आहे, याचा हा पुरावा आहे. या प्रकारच्या बेसमध्ये दोन सिंगल कॉइल एकमेकांच्या उलट गुंडाळलेले आणि उलट चुंबकांचे असतात, त्यामुळे दोन्ही समान उघडे असताना ते मिळून एका हमबकरचे काम करतात. एकाचा व्हॉल्यूम उतरला की वजाबाकी अपुरी पडते आणि उरलेला हम ऐकू येतो.

गिटारवादकाला मी दिलेला सावध सल्ला बेसवादकाला देणार नाही. गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झवर असते, म्हणजे निदान ५० हर्ट्झचा मूळ हम तरी मिक्सरवर कापता येतो. बेसची खालची तार मात्र ४१ हर्ट्झवर आणि तिच्यावरची ५५ वर; ५० हर्ट्झ बरोबर त्यांच्या मध्ये येतो. तो कापायला गेलात, तर आपलेच स्वर कापले जातील. नॉइज गेट लावला, तर तो विश्रांतीत हम बंद करतो, पण स्वर वाजताच हमलाही आत घेतो, आणि लांबवलेल्या स्वराचा शेवट तोडतो. म्हणून एकच पिकअप वापरून वाजवणे ही आपली आवड असेल, तर नॉइजलेस घ्याच.

त्यातही एकाखाली एक वेटोळ्यांच्या प्रकारापेक्षा मी विभागलेल्या वेटोळ्यांचा प्रकार सुचवीन. त्यात जॅझ बेसच्याच आकाराच्या आवरणात एक वेटोळे वरच्या दोन तारांसाठी आणि दुसरे खालच्या दोन तारांसाठी असते. प्रत्येक तारेला एकच वेटोळे ऐकते, त्यामुळे तिचा संकेत कोठेही वजा होत नाही. ही कल्पना नवी नाही. १९५१ चा फेंडर कंपनीचा प्रिसिजन बेस साध्या सिंगल कॉइलचा होता आणि १९५७ मध्ये त्याला असेच विभागलेले वेटोळे मिळाले. नॉइजलेस हा शब्द बाजारात येण्यापूर्वीच बेसवादकांना नॉइजलेस पिकअप मिळालेला होता, आणि त्याच्या आवाजाबद्दल कोणी तक्रार केल्याचे माझ्या ऐकण्यात नाही. स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणे) हीच आपली मुख्य शैली असेल, तर तेवढे आधी वाजवून पाहावे.

प्रश्न : पैसे बेताचे आहेत. तिन्हींऐवजी फक्त ब्रिजजवळचा पिकअप नॉइजलेस केला तर?
— एक विद्यार्थी, विजापूर रोड

उत्तर : चालेल, पण एक खाच लक्षात घ्यावी. आपल्या गिटारचा मधला पिकअप उलट गुंडाळणीचा असेल, तर पाच खटक्यांच्या स्विचवर दुसऱ्या आणि चौथ्या स्थानी, म्हणजे दोन पिकअप एकत्र असताना, गिटार आजही शांत असेल. ब्रिजचा पिकअप नॉइजलेस केल्यावर तो आपला हम स्वतःच मिटवतो आणि मधल्याचा हम मिटवायला कोणी उरत नाही; म्हणजे आजवर शांत असलेले दुसरे स्थान, मधल्या एकट्याइतके नव्हे तरी, गुणगुणू लागेल. एकट्या ब्रिजवर एकल वादन करत असाल, तर हा सौदा परवडतो. दुसऱ्या स्थानावरचा आवाज आवडता असेल, तर पैसे साठेपर्यंत थांबावे. बसवताना नवा आणि जुना पिकअप परस्परविरुद्ध फेजमध्ये, म्हणजे एकाचा संकेत दुसऱ्याच्या उलट येईल असे, जोडले गेले, तर दोन्ही एकत्र केल्यावर आवाज पोकळ आणि बारीक होतो. तसे झाले, तर पिकअप खराब आहे असे समजून परत करू नये, उत्पादकाचा वायरिंगचा कागद पाहून नव्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल करून घ्याव्यात. नॉइजलेसच्या आवरणाला किंवा कवचाला वेगळी अर्थची वायर असेल, तर ती या अदलाबदलीत घेऊ नये. आणि जुन्या पिकअपच्या वायरी कापू न देता डाग (सोल्डर) सोडवूनच तो काढून घ्यावा, म्हणजे मन बदलले तर तो परत बसवता येईल.